कामकाजातून काढलेली पाच मिनिटं

दोनशेच्या वर आमदार, प्रश्नोत्तरांचा एक तास, आणि त्या तासात जेमतेम दहा-बारा प्रश्नांना मंत्र्याच्या तोंडून उत्तर मिळतं. बाकीच्यांची उत्तरं छापून वाटतात. ती कुणी वाचत नाही, ज्याने विचारलं तोही नाही. कुणाचा प्रश्न वर यायचा ते सोडतीवर ठरतं, आणि सात वर्षांत माझा एकही प्रश्न पहिल्या दहांत आला नव्हता. बायको म्हणायची, ''तुमचं नशीब सुपारीच्या लिलावात आणि सोडतीत सारखंच.'' त्या मार्चमध्ये माझा प्रश्न तिसरा आला.

मी त्या दिवशी नवीन धोतर नेसून सभागृहात गेलो होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझी कीव करणार नाही.

प्रश्न मी एका माणसावर नेम धरून विचारला होता. आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर आहे. पगार आमच्याकडे घेतो आणि बसतो जिल्ह्याच्या गावी, स्वतःच्या नर्सिंग होममध्ये. लोक कंटाळले होते, मीही कंटाळलो होतो. पण एकट्याचं नाव घालून प्रश्न विचारता येत नाही, म्हणून जरा मोठं जाळं टाकलं. ''माझ्या तालुक्यात पगार एका ठिकाणी घेऊन प्रत्यक्षात दुसऱ्या ठिकाणी असणारे आरोग्य कर्मचारी किती, आणि त्यांच्यावर शासन काय कारवाई करणार?'' वाचून बघा, त्यात खोट काढायला जागा नाही. मलाही तेव्हा सापडली नव्हती.

मंत्री उठले. म्हणाले, असे चौदा जण आढळले. तोंडी आदेशावर केलेल्या त्यांच्या सगळ्या नेमणुका कालपासून रद्द केल्या आहेत. विनापरवानगी गैरहजर राहिल्याबद्दल त्यांना नोटिसा दिल्या आहेत. यादी पटलावर ठेवतो. बाकं वाजली, समोरच्या बाजूचीही वाजली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. नियमाप्रमाणे मला एक उपप्रश्न विचारता येत होता. मी विचारलं, ''ही कारवाई कडक असेल, कुणाचीही गय केली जाणार नाही, अशी ग्वाही मंत्रिमहोदय देतील का?'' मंत्री म्हणाले, दिली. यादीची प्रत माझ्या हातात आली. मी ती दुमडून खिशात घातली आणि बाहेर वार्ताहर उभे होते त्यांच्याकडे गेलो.

गावी परतलो तेव्हा हार होते. तिसऱ्या दिवशी मी लाँचने पाणी ओलांडून मुळुगद्द्याला गेलो. धरण झाल्यापासून शरावतीचं पाणी आमच्या मुलखात असं पसरलंय की अर्धा मतदारसंघ या काठावर आणि अर्धा त्या. पलीकडच्यांना सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत लाँच, त्यानंतर आपण आणि आपली देवी. माझी थोरली बहीण गौरक्का तिकडे दिलेली आहे. आमदार झालो तरी तिच्यासाठी मी तम्माच, म्हणजे धाकटा.

धक्क्यावर हार नव्हता. कुणी नमस्कार केला, कुणी पानाचा विडा तोंडात असल्याचं निमित्त केलं. मला वाटलं, उन्हामुळे.

''ये तम्मा,'' गौरक्का म्हणाली. ''पाय धू. जेवशील ना, का त्यालाही मंत्र्याचं उत्तर यावं लागतं?''

तिने वाढलं. भात, सार, अप्पेमिडीचं म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं. एरवी ती समोर बसते, आज चुलीपाशीच उभी राहिली.

''सभागृहात बाकं वाजवली म्हणे तुझ्यासाठी.''

''वाजवली.''

''इथे आम्ही कुलूप वाजवतोय. केंद्राचं.''

मी विचारलं, कुठल्या केंद्राचं. मी खरोखरच विचारलं.

''आरोग्य केंद्राचं रे. सुगुणा सिस्टरला कागद आला, तालुक्याला हजर व्हा म्हणून. दुसऱ्याच दिवशीच्या लाँचने गेली. गावात तिघींचे दिवस भरत आलेत. रात्री कुणाचं पोट दुखायला लागलं तर काय करायचं? तुझा फोटो उगाळून द्यायचा?''

''सुगुणाला कसा येईल? ती तर रात्रंदिवस इथे असायची. ती गैरहजर कशी?''

''तूच विचारलंस ना, पगार एकीकडे आणि माणूस दुसरीकडे असं कोण कोण आहे ते? तिचा पगार तालुक्याच्या दवाखान्यात निघतो. माणूस इथे. मग?''

मी खिशातली यादी काढली. तीन दिवस ती तिथेच होती. नवव्या क्रमांकावर होतं, श्रीमती सुगुणा, परिचारिका. माझा डॉक्टर यादीत नव्हताच. नंतर कळलं, प्रश्नाची सूचना विभागाला पंधरा दिवस आधी जाते. त्या पंधरा दिवसांत त्याने जिल्ह्याच्या बदलीचा रीतसर आदेश काढून घेतला होता. ज्यांना कागद करून घेता आला ते सुटले.

''चोर सोडून संन्याशाला फाशी,'' गौरक्का म्हणाली. ''जेव आता. अन्न टाकू नकोस.''

मी जेवत राहिलो, पण आता मला सगळं आठवत होतं. आठवायला कुणाची मदत लागली नाही, हे त्याहून वाईट.

सात वर्षांपूर्वी, मी पहिल्यांदा निवडून आलो त्या वर्षी, मुळुगद्द्याची जलजा नावाची मुलगी बाळंतपणात धक्क्यावरच दगावली. रात्री कळा सुरू झाल्या, सकाळच्या लाँचपर्यंत तिने वाट पाहिली आणि लाँच दिसायला लागल्यावर गेली. गाव माझ्या अंगणात येऊन बसलं. कुणी ओरडलं नाही, नुसते बसले. मी नव्या कोऱ्या लेटरहेडवर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, की मुळुगद्द्याला तातडीने एक परिचारिका द्या. अधिकारी होते डॉक्टर शांतवीरप्पा. ते म्हणाले, साहेब, तिथे पदच नाही, माणूस कसा देऊ? आधी पद मंजूर करून आणा. मी दुसऱ्यांदा सांगितलं, त्यांनी दुसऱ्यांदा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा मी फोनवर म्हणालो, ''तुम्हाला कुठे पाठवायचं ते मी बघतो.'' तेव्हा त्यांनी आपल्या दवाखान्यातली एक सिस्टर तोंडी आदेशावर पलीकडे धाडली. सहा महिन्यांसाठी. सहा महिन्यांत मी पद मंजूर करून आणणार होतो.

आणलं नाही. मध्ये बरंच काही होतं. सुपारीवरचा रोग होता, रस्ते होते, अंगणवाडी सेविकांच्या मानधनाचा मोर्चा होता, त्यात मी पुढे चाललो होतो. परिचारिका आली होती आणि काम चाललं होतं, मग कागदाकडे कोण बघतो. दुसऱ्या निवडणुकीत मी पलीकडच्या काठावर प्रत्येक सभेत सांगितलं, मी तुम्हाला सिस्टर दिली. आणि प्रश्न लिहिताना ती मला आठवलीसुद्धा नाही. लाज वाटते हे सांगताना, पण यात एवढंच खरं आहे.

दुसऱ्या दिवशी मी तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. सुगुणा मूळची किनाऱ्यावरची, बोलणं सरळ, पंचावन्न-छप्पन्नची बाई. स्त्रियांच्या वॉर्डात चादरी मोजत होती. मला बघून तिने हातातलं काम संपवलं आणि मग आली.

''बसा साहेब. चहा सांगू?''

''नको. सिस्टर, माझ्याकडून चूक झाली.''

''झाली खरी.'' ती स्टुलावर बसली. ''नोटीस बघायचीय? सात वर्षं मुख्यालयी गैरहजर. त्या गैरहजेरीत दोनशे अकरा बाळंतपणं केली मी. माझ्या वहीत आहेत. पण ती वही सरकारी नाही, दुकानातून आणलेली आहे.''

''माझं पत्र होतं ना? मी लिहिलेलं. ते जोडा उत्तराला. सगळं माझ्यावर येऊ द्या.''

ती हसली. चिडून नाही, समजुतीनं हसली, ते जास्त लागलं.

''साहेब, ते जोडलं तर दुसरी नोटीस येईल. सरकारी नोकराने पुढाऱ्याचा वशिला लावून जागा मिळवली, हा गैरहजेरीपेक्षा मोठा गुन्हा. नियम तुम्हीच लोकांनी केलाय. तुमचं पत्र म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा. ते मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलंय.''

मला नियम ठाऊक होता. त्या कागदाकडे तिच्या बाजूने मी कधी पाहिलंच नव्हतं.

''मग काय करू मी?''

''एकच करा. तुम्ही सभागृहात प्रश्न विचारलात ना, मग तिथेच उभं राहून सांगा. सुगुणाने मागितलं नव्हतं, मी पाठवायला लावलं. तिथे बोललेलं छापून येतं. चौकशी करणाऱ्याला ते पान नाकारता यायचं नाही. ते पान मला आणून द्या.''

''एवढंच?''

''एवढंच. निवृत्तीला चार वर्षं राहिलीत. माझ्या नोकरीच्या चोपडीत 'गैरहजर' असं लिहून घेऊन मला घरी जायचं नाही. पद मागत नाही मी तुमच्याकडे. ते तुम्ही आणणारच होतात.''

अधिवेशनाचे चार दिवस उरले होते. मी राजधानीत परतलो, अध्यक्षांना चिठ्ठी पाठवून वैयक्तिक खुलाशासाठी पाच मिनिटं मागितली. ती शेवटच्या दिवसाची मिळाली. रात्री आमदार निवासात बसून चार वाक्यं लिहिली. सुगुणा यांनी माझ्याकडे काहीही मागितलं नव्हतं. मीच त्यांना पाठवायला भाग पाडलं. पद मंजूर करून आणण्याचं काम माझं होतं. ते मी केलं नाही. इतकी सोपी वाक्यं मी आमदार झाल्यापासून लिहिली नव्हती.

सकाळी लॉबीत मंत्र्यांनी गाठलं. माणूस वाईट नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ''दुग्गप्पा, कशाला हे लचांड गळ्यात घेता? पुन्हा एक पत्र द्या, मी फोन करतो, तुमची सिस्टर सोमवारी पलीकडे. नोटीस फायलीत झोपेल.''

''तिला तोंडी नकोय.''

''मग बोला बाबा. पण बेतानं बोला. समोरचे टपून बसलेत. आमदाराने अधिकाऱ्याला दम देऊन माणूस हलवला, हे त्यांना मिळालं तर वर्षभर पुरेल. आणि गय करू नका, असं तुम्हीच म्हणाला होतात ना?''

ते हसले, मीही हसलो. पण तिथून आत जाईपर्यंत मी कागदावरचं दुसरं वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.

अध्यक्षांनी माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, कागद हातात होता. पहिलं वाक्य वाचलं. सभागृह अर्धं रिकामं, अर्धं गप्पांत होतं. दुसरं वाक्य वाचलं, ''मीच त्यांना पाठवायला भाग पाडलं,'' तशी समोरून एकजण बसल्या बसल्या म्हणाला, ''भाग पाडलं म्हणजे कसं? दम दिला काय?''

हशा पिकला. वार्ताहरांच्या गॅलरीत दोघं-तिघं पुढे वाकले.

मला एवढंच करायचं होतं की हो म्हणायचं, किंवा काही न बोलता तिसरं वाक्य वाचायचं. पण मी कागदावरून नजर काढली आणि म्हणालो, ''दम वगैरे काही नाही. तेव्हाचे अधिकारी डॉक्टर शांतवीरप्पा यांनी तोंडी आदेश दिला. कागद करणं हे त्यांचं काम होतं. ते त्यांनी केलं नाही, म्हणून आज एका प्रामाणिक परिचारिकेवर...''

समोरचे उठले. हरकत, हरकत, असा गलका झाला. डॉक्टर शांतवीरप्पा वारल्याला तीन वर्षं झाली होती. त्यांनी दोनदा नकार दिला होता हे मी बोललो नाही. माझा फोन मी सांगितला नाही.

अध्यक्षांनी घंटा वाजवली. ''जी व्यक्ती इथे येऊन आपली बाजू मांडू शकत नाही, तिच्यावर सभागृहात आरोप करता येत नाही. सन्माननीय सदस्य नवीन नाहीत.'' मग सचिवांकडे वळून म्हणाले, ''वाद नको. हे संपूर्ण निवेदन कामकाजातून काढून टाका. पुढचा विषय.''

कुणीतरी सवयीने बाक वाजवलं. मी खाली बसलो.

आणि मला हायसं वाटलं. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. बोललो होतो, सगळ्यांनी ऐकलं होतं की मी बोललो, आणि तरी कुठेच काही उरणार नव्हतं. तिसरं आणि चौथं वाक्य कागदावरच राहिलं. पाचेक मिनिटं मी अगदी शांत बसलो होतो. मग कुलूप लागलेलं केंद्र आठवलं.

छापील कामकाज आठवड्याने मिळालं. ते पान घेऊन मी स्वतः दवाखान्यात गेलो. कुणाच्या हाती पाठवण्याचा विचार आला होता, खोटं कशाला बोलू. तीनदा आला होता.

व्हरांड्यात आठ-दहा बायका पथाऱ्या टाकून होत्या. चेहऱ्यावरून ओळखल्या, पलीकडच्या काठावरच्या. पोटुश्या. रात्री लाँच नाही आणि केंद्राला कुलूप, म्हणून महिना महिना आधीच येऊन राहिल्या होत्या. त्यांनी इथेच तीन दगड मांडून चूल केली होती.

सुगुणा बाहेर आली. पान घेतलं, चष्मा लावला, उभ्यानेच वाचलं. वाचण्यासारखं फार नव्हतं. वर लिहिलं होतं, श्री. दुग्गप्पा यांचे वैयक्तिक निवेदन. खाली कंसात, अध्यक्षांच्या आदेशानुसार कामकाजातून काढून टाकण्यात आले. त्याखाली लगेच रस्त्यांच्या पुरवणी मागण्या सुरू होत होत्या.

''इथे तुम्ही बोलला होतात?''

''बोललो होतो. तुम्ही मागितलं नव्हतं हे बोललो. मी भाग पाडलं हेही बोललो.''

''मग काढलं का?''

''मध्ये एक नाव आलं.''

''कुणाचं?''

''डॉक्टर शांतवीरप्पांचं. तिथे येऊन ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्यावर आरोप केला की सगळंच काढतात.''

तिने चष्मा काढला आणि पदराने पुसत बसली. मला ते सहन होईना, म्हणून मी घाईघाईने म्हणालो, ''तुमची चौकशी पुढच्या आठवड्यात आहे ना? मी येतो. साक्ष देतो. शपथेवर देतो.''

''नका येऊ.'' ती शांतपणे म्हणाली. ''तिथे आमच्याच विभागातला एक लहानसा अधिकारी असणार. तुम्ही दारात दिसलात की तो उभा राहील, चहा मागवेल, आणि तुम्ही गेल्यावर लिहील, आरोपीने आमदार आणून दबाव टाकला. साहेब, तुम्ही माझ्यासाठी कुठेही तोंड उघडलंत तरी तो वशिलाच होतो. तसा होणार नाही अशी एकच जागा होती. तिथे तुम्ही बोलून आलात.''

''पुढच्या अधिवेशनात पुन्हा...''

''ते पावसाळ्यात. तोवर माझ्या चोपडीत शेरा पडलेला असेल.'' तिने पानाची घडी घातली. ''एक विचारू? मेलेल्या माणसाचं नाव घेतलं की सगळं काढून टाकतात, हा नियम तुम्हाला ठाऊक नव्हता?''

नव्हता म्हणता आलं असतं. तिनेही ते मानलं असतं, निदान तसं दाखवलं असतं. सात वर्षांत मी दुसऱ्यांच्या निवेदनांवर हीच हरकत चार-पाच वेळा घेतली होती.

''ठाऊक होता,'' मी म्हणालो.

तिने मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं.

''मला पलीकडे पाठवलं ना, त्या दिवशी डॉक्टर धक्क्यापर्यंत आले होते,'' ती म्हणाली. ''म्हणाले, सिस्टर, कागद मला देता येत नाही. उद्या काही झालं तर खुशाल माझं नाव सांगा, मी बघून घेईन. नोटिशीच्या उत्तरात मी ते लिहिणार होते. मग म्हटलं, त्यांची बायको आहे, पोरं आहेत, गेलेल्या माणसाचं नाव कशाला त्यात ओढायचं. नाही लिहिलं.''

आतून कुणीतरी तिला हाक मारली. तिने पान माझ्या हातात परत दिलं आणि वॉर्डात गेली.

मी तिथेच उभा राहिलो. कुठे बघावं ते कळेना. बाकावर बसलेली एक बाई, नववा लागलेली असावी, मला ओळखून हाताने कंबर धरत उठली. ''बसा साहेब,'' म्हणाली. मी नको म्हणायला हवं होतं. तिला परत बसवायला हवं होतं. पण उठून दिलेल्या जागेवर बसायची सात वर्षांची सवय होती. मी बसलो.